फिजिओथेरपिस्ट येईपर्यंत

‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ (खेड्यातील अपंग मुले), लेखक : डेव्हिड वर्नर, प्रकाशक : हेस्पेरियन फाउंडेशन, कॅलिफोर्निया, १९८७

पाथर्डी तालुक्यातील एका प्राथमिक शिक्षिकेने आम्हाला एक प्रश्न विचारला होता. तिच्या वर्गात, दुसरीत, एक मुलगी आहे. ती टाचा न टेकता चालते, चालताना तिचे गुडघे एकमेकांवर घासतात आणि दप्तर पाठीवर घेतले की तोल जातो. घरची माणसे सांगतात, मालीश चालू आहे, वयाबरोबर सुधारेल. बाईंचा प्रश्न एवढाच होता : ‘कवायतीच्या तासाला मी हिला उभी करू, की बसवून ठेवू?’

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. डी.एड.ची जी पुस्तके आमच्या पाहण्यात आहेत त्यांतही ते सापडले नाही. ते शोधताना जे पुस्तक हाती आले, त्याचे हे परीक्षण. पुस्तक नवे नाही आणि त्यातील बऱ्याच गोष्टी आता जुन्या झाल्या आहेत. तरीही शिक्षकांनी ते वाचावे असे आम्हाला वाटते. मात्र डोळे उघडे ठेवून वाचावे.

प्रथम आपल्या जिल्ह्याची परिस्थिती पाहू. अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. १४ तालुके, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. लोणी आणि विळद घाट येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, नगर शहरात जिल्हा रुग्णालय आहे. म्हणजे या विषयाचे जाणकार जिल्ह्यात नाहीत असे नव्हे. पण अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातून किंवा जामखेडच्या टोकाच्या गावातून आठवड्यातून दोनदा मुलाला कडेवर घेऊन, बस बदलत तेथवर येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडवणे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील ऊसतोड कुटुंबे तर दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात ती उन्हाळ्यातच परततात. अशा घरातील मुलाला ‘रोज एक तास व्यायाम आणि महिन्याला तपासणी’ असे लिहून देणे सोपे आहे. ते पाळले जाणार नाही हेही लिहून देणाऱ्याला ठाऊक असते. फिजिओथेरपिस्ट भेटेपर्यंत आणि दोन भेटींच्या मधल्या काळात मुलाचे काय, हाच खरा प्रश्न आहे. वर्नर यांचे पुस्तक त्या प्रश्नाला भिडते.

पुस्तकाचे स्वरूप

डेव्हिड वर्नर हे मूळचे जीवशास्त्राचे शिक्षक. १९६०च्या दशकात ते पश्चिम मेक्सिकोच्या डोंगराळ भागात गेले आणि तेथील आरोग्यसेवकांबरोबर काम करू लागले. ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे त्यांचे आधीचे पुस्तक आपल्याकडे आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे. स्वतः वर्नर यांचे हातपायांचे स्नायू आनुवंशिक आजाराने क्षीण झालेले होते. सिनालोआ राज्यातील आहोया या खेड्यात १९८१ मध्ये ‘प्रोहिमो’ नावाचे केंद्र सुरू झाले. ते चालवणारे बहुतेक जण त्याच भागातील अपंग तरुण होते. कोणी कॅलिपर बनवी, कोणी चाकाची खुर्ची दुरुस्त करी, कोणी मुलांना शिकवी. या केंद्राच्या अनुभवातून हे पुस्तक निघाले.

पुस्तकाचे तीन भाग आहेत : मूल आणि कुटुंब, गाव, आणि साधने बनवण्याचे कारखानावजा काम. जवळजवळ प्रत्येक पानावर रेषाचित्रे आहेत. झाडाच्या फांद्यांपासून केलेले चालण्याचे कठडे, पुठ्ठ्याची आणि जुन्या टायरची आसने, ओंडक्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसलेले मूल, अशी ही चित्रे पाहताना आपल्या गावचा सुतार आणि आपल्या अंगणातील अडगळ डोळ्यांपुढे येते. इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही चित्रांवरून बरेच कळेल.

कारण सांगणारे पुस्तक

आमच्या मते या पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण चित्रे हा नाही. प्रत्येक कृतीमागचे कारण ते सांगते, हा आहे. एक उदाहरण विस्ताराने घेऊ.

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे सरकारी कागदावरचा ‘मेंदूचा पक्षाघात’, हे मुलांमधील हालचालींच्या अपंगत्वाचे आज सर्वांत मोठे कारण आहे. जगभरच्या पाहण्या दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुले असे प्रमाण देतात. गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. ती इजा पुढे वाढत नाही. पण तिचे परिणाम वाढत जातात, आणि येथेच पालकांची व शिक्षकांची फसगत होते. मेंदूकडून येणारे संदेश बिघडल्याने काही स्नायू सतत ताठ राहतात. हाडे वाढतात, पण ताठ स्नायूंची लांबी त्या प्रमाणात वाढत नाही. परिणामी टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, मांड्या एकमेकींकडे ओढल्या जातात. तिसऱ्या वर्षी जे मूल ‘जरा ताठ’ होते, त्याचे सांधे दहाव्या वर्षी आखडलेले असतात. मेंदूतील जखम तेवढीच, पण शरीर बदललेले.

आता हे मूल वर्गात जमिनीवर पाय पसरून बसले तर काय होते? मांडीच्या मागचे आखूड स्नायू कंबरेच्या हाडाला मागे खेचतात, पाठीला पोक येते, आणि मागे पडू नये म्हणून मूल दोन्ही हात जमिनीवर टेकते. हात आधाराला गुंतले, मग पाटीवर लिहायचे कशाने? बाईंना वाटते, मुलाला लेखनाची आवड नाही. त्याच मुलाला वीतभर उंच पाटावर, पावले पूर्ण टेकतील असे बसवले तर मागचे स्नायू सैल पडतात, पाठ सरळ होते आणि हात मोकळे होतात. ओंडक्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवले तर मांड्याही अलग राहतात. येथे औषध नाही, यंत्र नाही, खर्चही नाही. फक्त स्नायू कोठून कोठे जातो एवढे ज्ञान आहे. ते सातवीच्या मुलालाही समजावता येते.

कडेवर घेण्याचेही तसेच. ताठ पायांच्या मुलाला आपण बहुधा दोन्ही हातांवर आडवे उचलतो, लहान बाळासारखे. त्यात पाय जवळ येतात, मान मागे पडते, आणि मुलाला छताशिवाय काही दिसत नाही. आपल्या बायका मुलाला कडेवर घेतात तेव्हा पाय अलग होतात, मान सरळ राहते, हात पुढे येतात आणि मुलाला जग दिसते. दिवसातून वीस वेळा मुलाला उचलले जाते. उचलण्याची ही रीत बदलली तर वेगळा वेळ न काढता वीस वेळा सराव झाला. न्हाऊ घालणे, भरवणे, कपडे घालणे, प्रत्येक गोष्टीत ही संधी असते. व्यायाम मुलाच्या दिवसात मुरला पाहिजे, हा या पुस्तकाचा गाभा आहे, आणि तो अजून जुना झालेला नाही.

याच कसोटीवर आपले काही रिवाज तपासून पाहता येतात. जुना लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते. तोल त्याचा त्यालाच सांभाळावा लागतो. प्लॅस्टिकच्या वॉकरमध्ये मूल झोळीत लटकल्यासारखे बसते आणि चवड्यांनी जमीन ढकलते. टाचा आधीच उचलणाऱ्या मुलाला हा नेमका चुकीचा सराव. निरोगी मुलांनाही वॉकरमुळे लवकर चालता येत नाही, आणि अपघात मात्र होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. मालिशीने बाळाला बरे वाटते, आईचा स्पर्श मिळतो, हे खरेच. पण त्यात हालचाल करतो मालीश करणारा, मूल पडून असते. ज्याला शिकायचे आहे त्याने हालचाल करायला हवी.

सीमेपलीकडे कलबुर्गीजवळच्या ताजसुलतानपूर येथे २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणात अपंग मुलांना बरे होतील या आशेने मानेपर्यंत जमिनीत पुरले होते. ती बातमी वाचून आपण हळहळलो. पण त्या आईबापांना हसण्याआधी, त्यांना दुसरे काय करता येईल हे आपण कधी सांगितले होते का, हेही विचारावे. वाळूच्या त्याच खड्ड्यात मूल कंबरेपर्यंत बसवले, हात मोकळे ठेवून समोर खेळणी मांडली, तर कंबरेला आधार मिळून ते धड उचलायला आणि हात वापरायला शिकू शकते. फरक वाळूत नाही. मूल आत काय करते यात आहे.

जुने झालेले आणि राहून गेलेले

आता दोष. आमच्यासमोर १९८७ ची आवृत्ती आहे, त्यामुळे ही टीका तिच्यापुरतीच.

पहिली गोष्ट, या पुस्तकात पोलिओने मोठी जागा घेतली आहे. त्या काळी ते योग्यच होते. भारतात नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आजच्या वाचकाने त्या प्रकरणांपेक्षा सेरेब्रल पाल्सीच्या प्रकरणावर अधिक वेळ द्यावा. पोलिओत स्नायू लुळा पडतो, सेरेब्रल पाल्सीत बहुधा ताठ होतो. एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सांधे आखडू नयेत म्हणून हाताने ताण देण्याच्या व्यायामांवर पुस्तकाचा बराच भर आहे. २०१७ मध्ये या विषयावरील सर्व प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. मज्जासंस्थेच्या विकारांत, काही महिने ताण देऊनही सांध्याच्या हालचालीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. याचा अर्थ सांध्यांकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. बसण्या-उभे राहण्याची स्थिती, तज्ज्ञांनी सुचवलेले प्लॅस्टर आणि स्प्लिंट यांना स्थान आहेच. पण आईने रोज अर्धा तास रडणाऱ्या मुलाचे पाय ओढत बसावे, यासाठी आता पुरेसा आधार नाही. उलट मुलाने स्वतः ठरवलेले, त्याच्या उपयोगाचे एखादे काम निवडून त्याचा भरपूर सराव करणे, हा उपाय गेल्या दोन दशकांच्या अभ्यासांत सरस ठरला आहे. एका बाजूचा हात कमी चालणाऱ्या मुलाने शेंगा सोलाव्यात, डबा उघडावा, माळ ओवावी, भाकरी थापून पाहावी. जी कामे एका हाताने होतच नाहीत, ती. ही कामे वर्गातही आहेत आणि घरीही.

तिसरी, जन्मजात वाकडी पावले. इग्नासिओ पोन्सेटी यांची पद्धत, म्हणजे आठवड्याला एक अशी क्रमाने बदलत जाणारी प्लॅस्टरे आणि नंतर काही वर्षे रात्रीचे बूट, ही १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर पसरली. पुस्तक त्यापूर्वीचे आहे. तेव्हा यातील प्लॅस्टरचे वर्णन वाचून कोणी प्रयोग करू नये; बाळ काही आठवड्यांचे असतानाच त्याला रुग्णालयात न्यावे.

चौथी, निदानाचे वय. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत थांबा, असा सल्ला अजूनही दिला जातो. धोका असलेल्या बाळांत सेरेब्रल पाल्सीचे निदान सहा महिन्यांच्या आतही करता येते, हे २०१७ पर्यंत स्पष्ट झाले आहे. पुस्तकातील विकासाच्या तक्त्याबरोबर आज जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणीही ठेवावी. भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या या पाहणीत जवळजवळ सर्व मुले सव्वानऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसू लागली आणि साडेसतरा महिन्यांपर्यंत चालू लागली. शंभरात चार मुले मात्र हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तरीही ठीक चालली. म्हणजे ‘रांगले नाही’ एवढ्यावरून घाबरू नये. पण चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणारे, मुठी सतत मिटलेले, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरणारे बाळ दिसले तर थांबूही नये.

पाचवी उणीव कोणत्याही घरगुती पुस्तकाला असणारच. ताठ मांड्यांमुळे खुब्याचा सांधा हळूहळू जागा सोडतो, आणि सुरुवातीला दुखतही नाही. ते एक्स-रेमध्येच दिसते. स्वीडनमध्ये १९९४ पासून अशा मुलांची नियमित नोंद आणि एक्स-रे तपासणी सुरू झाली आणि खुबा निखळण्याचे प्रमाण अगदी खाली आले. अंगणातील उपाय आणि रुग्णालयातील तपासणी ही एकमेकांची बदली नव्हे, दोन्ही लागतात.

शिक्षकांसाठी मुद्दाम एक प्रकरण आहे, ‘मुलांकडून मुलांकडे’. ही कल्पना लंडनमध्ये डेव्हिड मॉर्ले यांच्या पुढाकाराने १९७९ च्या बालक वर्षासाठी निघाली होती. वर्गमित्रांनी अपंग मुलाला खेळात घ्यावे, त्याच्यासाठी साधने बनवावीत, या सूचना उत्तम आहेत. पायाला फळी बांधून शर्यत लावणे वगैरे खेळ मात्र आम्ही जपून वापरू. त्यातून मुलांना अडचण कळते, पण ती अडचण घेऊन रोज वावरणाऱ्याने कमावलेले कौशल्य कळत नाही. दहा मिनिटे लंगडून मूल म्हणते, ‘बिचारी!’ ते आपल्याला नको आहे. त्यापेक्षा तिलाच विचारावे, तू पायरी कशी चढतेस, आम्हाला दाखव.

जामखेडची आठवण

हे वाचताना आपल्याच जिल्ह्यातील दुसरे एक पुस्तक सारखे आठवत होते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याची हकीकत सांगणारे त्यांचे ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये निघाले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायकांना दर आठवड्याला बोलावून आरोग्याचे ज्ञान देणे, आणि ते देताना काहीही राखून न ठेवणे, ही त्यांची पद्धत. या कामासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पातील कृत्रिम पायांच्या कारखान्यात स्थानिक कारागिरांनी जयपूर फूट बनवले. आहोया आणि जामखेड यांच्यामध्ये महासागर आहेत, पण दोघांची श्रद्धा एकच : कारण समजावून दिले तर सामान्य माणूस विचार करू शकतो.

आपण या दोन्ही पुस्तकांतून काय उचलले? येथे टीका लेखकांवर नसून आपल्यावर आहे. आपण व्यायामाची चित्रे उचलली आणि त्यांचे तक्ते करून आईच्या हाती दिले. दहा व्यायाम, प्रत्येकी दहा वेळा. कारण सांगितले नाही. आई पहाटे पाणी भरते, दिवसभर खुरपते, रात्री भाकरी थापते. तिच्या दिवसात एक तास आम्ही कागदावर घातला. मूल सुधारले नाही की दोष तिचा. आहोयात हे ओझे एकट्या आईवर नव्हते. तेथे अपंग तरुण होते, शाळकरी मुले होती, सुतार होता. तो भाग आपण वगळला.

साहित्यवाटपाच्या शिबिरांचेही तेच. एकाच मापाच्या चाकाच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. मोठ्या खुर्चीत लहान मूल एका बाजूला कलते, पाय लोंबकळतात, आणि कण्याला बाक येतो. सहा महिन्यांनी खुर्ची ओसरीवर कपडे वाळत घालायला लागते. लोक म्हणतात, यांना किंमत नाही. पण वाटप करताना मुलाचे माप कोणी घेतले होते?

व्यवस्था आता आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात, आणि ज्यांना पुढील उपचार हवेत त्यांना जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट उल्लेख आहे. पण पथक येते वर्षातून एक दिवस; शिक्षक असतो दोनशेहून अधिक दिवस. मुलीची टाच गेल्या दिवाळीपेक्षा जास्त उचलली आहे का, हे त्यालाच दिसू शकते. पथकाच्या डॉक्टरांना ते तारखेसह सांगितले तर तपासणीला अर्थ येतो.

आता बाईंच्या प्रश्नाकडे. आमचे उत्तर असे : उभी करा. पथकाकडून तिला जिल्हा केंद्रात पाठवा, खुब्याचा एक्स-रे झाला का ते विचारा, आणि तोवरही तिला तासातून वगळू नका. कवायतीत ओळीच्या टोकाला, भिंतीजवळ किंवा कठड्याजवळ जागा द्या, म्हणजे तोल गेला तर हात टेकता येईल. दमली तर बसू द्या. दमणे हा आळस नव्हे, ताठ स्नायूंनी चालायला तिला इतरांपेक्षा जास्त शक्ती खर्च करावी लागते. दप्तर हलके करा. वर्गात पाट द्या. आणि तिला काय जमवायचे आहे ते तिलाच विचारा.

बाईंनी विचारले. तिला हापशावर एकटीने जाऊन, इतर मुलींसारखी, आपली बाटली भरून आणायची होती. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने बाटली, पायाखाली ओली फरशी. फिजिओथेरपिस्टने आखून दिला असता तर यापेक्षा चांगला व्यायाम आखता आला नसता. आता रोज मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणी तिच्या बाजूला, पण हात न लावता, उभ्या राहतात.